साइड इमेजिंगवर बासचे अड्डे कसे शोधायचे, आणि त्यासाठी सावली वाचायला का शिकायचं

लार्जमाउथ बास (अमेरिकेतला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) हा काही दिवसभर पाण्यात हुंदडत शिकार करणारा मासा नाही, तो दबा धरून बसणारा आहे. बुडालेल्या झाडाचा खुंट, फांद्यांचा ढीग, मोठा दगड, पाणगवताची कडा असा कसलातरी आडोसा धरायचा, तिथे गप थांबायचं आणि शॅडसारखे बारके मासे जवळून जायला लागले की झडप घालायची, असा त्याचा धंदा. म्हणून अमेरिकेतल्या मोठमोठ्या जलाशयांवर बासमागे लागलेल्या लोकांचं निम्मं काम गळ पाण्यात पडायच्या आधीच होतं, ते म्हणजे आडोसा शोधणं. काठावर आडवं पडलेलं झाड सगळ्यांनाच दिसतं आणि म्हणूनच त्याच्यावर सकाळपासून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक बोटीने कास्ट मारलेली (गळ फेकलेला) असते. पण काठापासून 200 फूट आत, 15 फूट पाण्याखाली एक एकटा खुंट उभा आहे हे ज्याला माहितीये त्याची मजा असते. साइड इमेजिंग सोनार, म्हणजे बाजूंना आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून तळाचं चित्र काढणारं यंत्र, आहे ते ह्या खुंटासाठी.

आता साधं सोनार तर बोटींवर कधीपासूनच आहे, मग हे वेगळं काय करतं? साधं सोनार बोटीच्या बरोबर खाली आवाज सोडतं, तो शंकूसारखा पसरत तळाला जातो. 20 अंशाचा शंकू धरला तर 10 फूट पाण्यात तळावर जेमतेम साडेतीन फुटांचा गोल कव्हर होतो. म्हणजे खुंटाच्या अगदी डोक्यावरून बोट गेली तरच खुंट दिसणार, चार फूट बाजूने गेलात तर तो तिथे आहे हे कळणारही नाही, आणि एवढ्या उथळ पाण्यात बोट डोक्यावरून गेली की मासा बिचकून निघून जातो ते वेगळंच. साइड इमेजिंग डाव्या-उजव्या बाजूंना बघतं. दोन्हीकडे 80-80 फूट रेंज लावली तर 160 फुटांचा पट्टा एका फेरीत दिसतो, ताशी 4 मैलाने बोट चालवली तर मिनिटाला सव्वा एकराहून जास्त तळ तुम्ही तपासत असता, आणि मासा बोटीपासून लांब असल्याने त्याला फार पत्ताही लागत नाही.

ही कल्पना मासेमारीवाल्यांची नाही बरं का. 1960 च्या दशकात एमआयटी ह्या अमेरिकन तंत्रविद्यापीठातले हॅरल्ड एजर्टन, मार्टिन क्लाइन वगैरे मंडळींनी हे तंत्र जहाजामागे ओढायच्या यंत्रांमध्ये बसवलं, समुद्राचा तळ बघायला आणि बुडालेली जहाजं शोधायला. 1545 मध्ये बुडालेल्या मेरी रोझ ह्या इंग्लिश युद्धनौकेच्या शोधातसुद्धा 1967 साली एजर्टन यांचं साइड-स्कॅन वापरलं गेलं होतं. मासेमारीच्या छोट्या बोटीवर बसेल आणि सामान्य माणूस विकत घेईल अशा रूपात ते हमिनबर्ड ह्या सोनार कंपनीने 2005 मध्ये आणलं, मग 2009 मध्ये लॉरन्सने स्वतःचं काढलं, गार्मिनही आलं. प्रत्येकाने नाव वेगळं ठेवलंय, आतलं काम एकच.

आतमध्ये होतं काय

बोटीच्या मागे पाण्यात एक ट्रान्सड्यूसर, म्हणजे आवाज सोडणारा आणि परत आलेला ऐकणारा भाग, असतो. तो दोन्ही बाजूंना आवाजाची एक-एक झोत सोडतो, पण ह्या झोतीचा आकार महत्त्वाचा आहे: पुढे-मागे ती अगदी पातळ असते आणि वरून खाली रुंद, पृष्ठभागाजवळून थेट बोटीखालच्या तळापर्यंत. म्हणजे एका पिंगमध्ये (एकदा आवाज सोडला की) यंत्राला तळाची फक्त एक अरुंद पट्टी दिसते. त्या पट्टीवरून जो आवाज परत येतो त्यातला आधी आलेला जवळचा, उशिरा आलेला लांबचा, जोरात आलेला उजळ आणि क्षीण आलेला गडद, असं करून पडद्यावर ठिपक्यांची एक आडवी रेघ तयार होते. बोट थोडी पुढे जाते, पुढचा पिंग, पुढची रेघ, जुनी रेघ खाली सरकते. अशा शेकडो रेघा एकाखाली एक जमल्या की चित्र बनतं.

हे एकदा डोक्यात बसलं ना की निम्मे गोंधळ आपोआप सुटतात. पहिलं म्हणजे पडद्यावर जे दिसतंय ते आत्ताचं नाही, ते मागे गेलेलं आहे, फक्त सगळ्यात वरची रेघ आत्ताची. दुसरं म्हणजे बोट चालत नसेल तर चित्रच बनत नाही, एकच रेघ परत परत छापली जाते आणि पडद्यावर उभे ओघळ दिसतात. तिसरं म्हणजे बोट वळवली की चित्र बिघडणारच, कारण वळणाच्या आतल्या बाजूला झोत त्याच जागेवर रेंगाळते म्हणून तिथल्या वस्तू ताणल्या जातात आणि बाहेरच्या बाजूला ती भराभर फिरते म्हणून तिथले तुकडे सुटतात. वळणावर जे काही दिसेल त्यावर विश्वास ठेवू नका, सरळ रेषेत परत एकदा जा.

वेगाचंही तसंच. पाण्यात आवाज सेकंदाला साधारण 1,480 मीटर जातो. 100 फूट लांब जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा साधारण चोविसावा भाग लागतो, म्हणजे 100 फूट रेंजवर यंत्राने कितीही जोर लावला तरी सेकंदाला चोवीसच्या आसपास रेघा, त्यापेक्षा जास्त नाहीत. ताशी 4 मैलाने बोट सेकंदाला जवळजवळ 6 फूट जाते, म्हणजे दर 3 इंचाला एक रेघ. हे छान आहे, ह्यात फांदी दिसते. वेग दुप्पट केला किंवा रेंज दुप्पट केली की हेच अंतर दुप्पट होणार, मग फांद्यांचा ढीग नुसता पांढरा डाग होऊन बसतो. ताशी 3 ते 5 मैल हा वेग सगळे सांगतात त्यामागे हे गणित आहे.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडक्यात सांगतो. 455 किलोहर्ट्झ लांब जातं पण तपशील कमी देतं, 800 मधलं, आणि 1.2 मेगाहर्ट्झवाली नवीन सिस्टीम पानगळ झालेल्या झाडाची डहाळीन् डहाळी दाखवते पण तिचा आवाज पाण्यात लवकर विरतो, म्हणून लांबचं पुसट होतं. मोठा भाग धुंडाळायला 455, सापडलेली जागा नीट बघायला 800 किंवा त्याच्या वरचं, असं मी करतो. फक्त 1.2 वाल्या चित्राच्या प्रेमात पडून 50-60 फूट रेंजवर अख्खा तलाव तपासायला निघालेली माणसं बघितली आहेत, चित्रं सुंदर येतात, दिवस संपतो.

पडदा वाचायचा कसा

पडद्याच्या मधोमध वरून खाली एक उभी रेघ असते, तो तुमच्या बोटीचा मार्ग. तिच्या दोन्ही बाजूंना एक काळा पट्टा असतो आणि नवीन माणसाला वाटतं हा बोटीखालचा खोल चर आहे. तो चर नाही, ते नुसतं पाणी आहे. आवाज निघाल्यापासून तळाला पहिल्यांदा लागेपर्यंत काहीच परत येत नाही, म्हणून तेवढा भाग काळा. तळ 20 फुटांवर असेल तर पट्टा 20 फूट रुंद. म्हणजे पट्टा रुंद होत चालला की पाणी खोल होतंय, अरुंद होत आला की तुम्ही उंचवट्यावर चढताय, आकडा न बघताही कळतं.

ह्यातून अजून एक गोष्ट निघते जी बरेच जण लक्षात घेत नाहीत. पडद्यावरचं अंतर हे तळावर मोजलेलं आडवं अंतर नाही, ते बोटीपासून तिरपं अंतर आहे. 20 फूट पाण्यात एखादी वस्तू 25 फुटांवर दिसतेय तर ती खरी आडवी 15 फुटांवरच आहे. 60 फुटांवर दिसली तर साडेछप्पन्नच्या आसपास, तिथे फरक नगण्य. म्हणजे काळ्या पट्ट्याला लागून जे काही आहे ते सगळं दाबून आखूड झालेलं असतं, बोटीच्या जवळ असूनही तिथलं चित्र सगळ्यात फसवं. वस्तू पट्ट्याला चिकटून दिसली तर बोट 30-40 फूट बाजूला घेऊन परत जायचं, मग ती मोकळी दिसते. आणि 40 फूट पाण्यात 80 फूट रेंज लावली तर प्रत्येक बाजूचा अर्धा पडदा पाण्यातच जातो, म्हणून रेंज खोलीच्या तिप्पट-चौपट तरी असू द्या.

मग येतात रंग. कडक तळ, म्हणजे दगड, खडी, शिंपल्यांचा थर, आवाज जोरात परत फेकतो म्हणून उजळ दिसतो. मऊ चिखल आवाज गिळतो म्हणून गडद. नुसत्या ह्या फरकावरसुद्धा मासे सापडतात, गडद गाळाच्या मधोमध एखादा उजळ खरबरीत ठिगळ दिसला आणि त्याला सावली नसेल तर तो शिंपल्यांचा थर असायची शक्यता चांगली आहे, आणि उन्हाळ्यात बास अशा जागी थव्याने उभे राहतात.

पण खरी विद्या सावलीत आहे. रात्री कच्च्या रस्त्यावर गाडीचा हेडलाइट पडला की बारीकशा खड्याचीसुद्धा हातभर सावली पडते, दुपारी तोच रस्ता सपाट वाटतो. साइड इमेजिंगची झोत तशीच तिरपी जाते, आणि जी वस्तू तळापासून वर आलेली आहे ती पलीकडच्या तळाचा आवाज अडवते, तिथून काहीच परत येत नाही, म्हणून वस्तूच्या मागे काळी सावली. ही सावली नेहमी बोटीपासून लांबच्या बाजूला पडते. उजळ भाग तुम्हाला एवढंच सांगतो की इथे काहीतरी कडक आहे, बऱ्याचदा तो नुसता डाग असतो. आकार सावली सांगते. डाग बघून दगड की झाड ठरवता येत नाही, सावलीत फांद्या फुटलेल्या दिसल्या की प्रश्नच मिटला.

उंचीसुद्धा काढता येते, शाळेतलेच समरूप त्रिकोण. सावलीची लांबी गुणिले पाण्याची खोली, भागिले सावलीच्या टोकापर्यंतचं अंतर. पाणी 20 फूट, सावली 15 फूट लांब आणि तिचं टोक 60 फुटांवर, तर 15 गुणिले 20 म्हणजे 300, भागिले 60, वस्तू 5 फूट उंच. ट्रान्सड्यूसर पाण्यात फूटभर खाली असतो आणि तळ उताराचा असला तर हिशोब थोडा हलतो, पण आपल्याला खुंट गुडघ्याएवढा आहे की पुरुषभर हे कळलं तरी पुरे. एक मात्र ध्यानात ठेवा, तोच खुंट लांब असला तर सावली लांब पडते आणि जवळ असला तर आखूड, म्हणून पडद्यावर लांब सावली दिसली की लगेच हुरळून जायचं नाही, आधी अंतर बघायचं.

उतारांनाही हाच नियम. बोटीकडे तोंड केलेला उतार उजळ, बोटीकडे पाठ केलेला गडद. म्हणून बोटीकडून बाहेर बघत गेलात आणि आधी उजळ मग काळं दिसलं तर तो उंचवटा, आणि आधी काळं मग उजळ दिसलं तर तो खड्डा किंवा चर, कारण चराची अलीकडची भिंत आपल्याकडे पाठ करून असते आणि पलीकडची आपल्याकडे तोंड करून. जुन्या ओढ्याचं पात्र नागमोडी काळ्या-पांढऱ्या जोडपट्टीसारखं दिसतं ते ह्यामुळेच. हे एकदा जमलं की पडदा सपाट राहत नाही.

माशांचीही सावली पडते, आणि इथे ती जास्तच गंमतशीर आहे. तळाला टेकलेल्या दगडाची सावली दगडाला चिकटलेली असते. मासा तळापासून वर तरंगत असतो म्हणून त्याची सावली त्याच्यापासून सुटी, थोडी पलीकडे पडते. उजळ ठिपका, मध्ये थोडा तळ, आणि मग काळा ठिपका, असं दिसलं की मासा. दोघांमधलं अंतर जितकं जास्त तितका मासा तळापासून वर. एखाद्या जुन्या नदीपात्राच्या कडेवर असे वीस-पंचवीस ठिपके आणि त्यांच्या तेवढ्याच सुट्या सावल्या दिसल्या की भल्याभल्यांचे हात थरथरतात. आता ते बास आहेत की कार्प की कॅटफिश हे पडदा सांगत नाही. शॅडचा थवा मात्र ओळखू येतो, त्याचा ढगासारखा एकजीव पुंजका असतो, वेगवेगळे ठिपके नसतात.

कुठला आडोसा कसा दिसतो

उभं झाड पाण्यात असेल तर उजळ भाग अगदी थोडा, कधीकधी नुसती रेघ, पण सावली लांबच लांब, खोडाची, आणि फांद्या शिल्लक असतील तर त्याही. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवरचा टोलेडो बेंड, किंवा टेक्सासमधलाच लेक फोर्क, अशा तलावांत धरण बांधताना बरंचसं जंगल उभंच ठेवलं गेलं, तिथे साइड इमेजिंग लावलं की पडदा सावल्यांच्या काठ्यांनी भरून जातो. अशा ठिकाणी झाड सापडणं काहीच नाही, हजारो आहेत, वेगळं काहीतरी शोधायचं: जिथे दाट झाडी संपते ती कडा, मधली मोकळी गल्ली, आडवं पडलेलं एकच मोठं खोड.

खुंट म्हणजे छोटा उजळ ठिपका आणि आखूड जाडसर सावली. एकटा खुंट दगडासारखाच दिसतो, पण खुंट बऱ्याचदा रांगेत असतात, ओढ्याच्या काठाने झाडं होती ती तोडली आणि मग पाणी भरलं, म्हणून जुन्या पात्राच्या कडेने एकामागे एक खुंट सापडतात.

फांद्यांचा ढीग, म्हणजे माणसांनी मुद्दाम दगड बांधून बुडवलेली झाडं, हा उजळ गुंता असतो आणि त्याच्यामागे विस्कटलेली सावली. नवीन ढिगात बारीक डहाळ्या दिसतात, जुन्यात त्या कुजून गेलेल्या असतात, नुसती जाड खोडं आणि सांगाडा. टेक्सास, मिसुरी अशा राज्यांच्या वन्यजीव खात्यांनी असे आडोसे स्वतः बुडवलेत आणि त्यांच्या जीपीएस जागा लोकांसाठी जाहीर केल्यात. शिकायला ह्याच्यापेक्षा चांगलं काही नाही: जाहीर जागा मशीनमध्ये टाका, 40 फूट बाजूने जा, तोच ढीग दुसऱ्या बाजूने बघा, मग आडवे जा, रेंज बदला, फ्रिक्वेन्सी बदला. आपल्याला उत्तर आधीच माहिती आहे, म्हणून डोळा तयार होतो. स्वतः ढीग टाकायचा विचार असेल तर आधी त्या तलावाचे नियम बघा, बऱ्याच ठिकाणी परवानगी लागते.

डॉकच्या, म्हणजे काठावरच्या बोटी बांधायच्या धक्क्याच्या, बाजूने जाताना खांब उजळ ठिपक्यांच्या ओळीत दिसतात, आणि कित्येकदा डॉकच्या समोर, मालकाने गुपचूप टाकलेला ढीग दिसतो. तरंगत्या डॉकला खांब नसले तरी त्याला बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या-साखळ्या दिसतात. मला विचाराल तर रांगेने वीस डॉक असतील आणि त्यातल्या तीनच डॉकपुढे फांद्या असतील, तर ह्या एका माहितीने अख्खी सकाळ वाचते.

पाणगवत धूसर, केसाळ दिसतं, सावली असते पण तिची कडा कापल्यासारखी नसते. अलाबामातल्या गंटर्सव्हिलसारख्या हायड्रिला आणि मिलफॉइलने भरलेल्या तलावात गवत शोधायचं नसतं, गवतातली भोकं शोधायची असतात, किंवा गवताची बाहेरची कड जिथे एकदम आत वळते ती जागा.

आणि मग माणसाने मागे ठेवलेलं. अमेरिकेतले हे बहुतेक मोठे तलाव म्हणजे धरणाखाली गेलेल्या दऱ्या आहेत, त्यामुळे खाली रस्ते आहेत, पूल आहेत, मोऱ्या आहेत, घरांचे चौथरे आहेत. जुना रस्ता सपाट उजळ पट्टी आणि दोन्ही बाजूंना समांतर चर, असा ओळखू येतो. निसर्गात सरळ रेघ आणि काटकोन फार क्वचित असतात, म्हणून पडद्यावर चौकोन दिसला की थांबायचं. रस्ता जिथे ओढ्याला छेदतो तिथली मोरी किंवा पुलाचा पाया, ही जागा मी तरी कधी तशीच सोडून जाणार नाही.

आडोसा सापडला म्हणजे मासा सापडला असं नाही

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पहिल्या दिवशी शंभर खुंट मार्क करतात, म्हणजे मशीनमध्ये त्यांच्या जागा नोंदवतात, आणि मग शंभरावर कास्ट मारत बसतात. आडोसा कुठे आहे हे आडोशापेक्षा महत्त्वाचं. तळाची ठेवण असते, डोंगराची सोंड पाण्यात उतरते तशी सोंड, मधलं टेकाड, जुन्या नदीपात्राची कडा, ओढ्याचं वळण, ह्या माशांच्या ये-जा करायच्या वाटा. वसंतात पाणी 60 फॅरनहाइटच्या पुढे जायला लागलं की बास अंडी घालायला उथळ खाड्यांमध्ये येतात, आणि नंतर उन्हाळ्यात बरेचसे परत खोल पात्राच्या कडेला जातात, केंटकी लेकवर टेनेसी नदीच्या जुन्या पात्राच्या कडांवरची मासेमारी त्यासाठीच गाजलेली आहे. ह्या वाटेवर जो आडोसा आहे तो कामाचा. लांबलचक सपाट गाळावर कितीही देखणा ढीग असला तरी तो वाटेच्या बाहेर आहे, तिथे क्रॅपी नावाचे दुसरे मासे मिळतील कदाचित. आणि सोंडेवर, जिथे 12 फुटांचं पाणी एकदम 20 होतं त्या कडेवर, साधा एक खुंट असला तरी तिथे जायचं. एकटा असला तर जास्तच बरं, कारण मासे वाटून जात नाहीत.

म्हणून मी नकाशा आधी बघतो, सोनार मग चालू करतो. नकाशावरच्या खोलीच्या रेघा जिथे दाटीवाटीने येतात त्या दोन-चार जागा निवडायच्या आणि फक्त तिथे कडेला समांतर फेऱ्या मारायच्या. साइड इमेजिंगचं निम्मं काम नकार देणं आहे, ह्या सोंडेवर काही नाही, चला पुढे. बास मासेमारीचा जागतिक विक्रम, 22 पौंड 4 औंस, जॉर्ज पेरी यांनी जॉर्जियात 1932 साली केला तेव्हा बोटीवर सोनारच नव्हतं, तेव्हा मशीन नाही तर मासा नाही असंही समजू नका.

सेटिंगबद्दल फार लिहीत नाही, प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. ट्रान्सड्यूसर बोट चालू असताना पाण्याशी समांतर राहिला पाहिजे आणि त्याच्या बाजूला इंजिनचा पाय आडवा येता कामा नये, नाहीतर एक बाजू कायम अंधारी. सेन्सिटिव्हिटी हळूहळू वाढवत न्या, पाण्याच्या काळ्या पट्ट्यात ठिपके-ठिपके कचरा दिसायला लागला की थोडी मागे घ्या. एकाच बोटीवर दोन सोनार एकाच फ्रिक्वेन्सीवर चालू असतील तर पडद्यावर तिरक्या तुटक रेघा येतात, एक बंद करा. लाटा असल्या तर बोट डुलते आणि सरळ कडासुद्धा नागमोडी दिसते, तो तळाचा दोष नाही.

मार्क करणं मात्र नीट समजून घ्या. पडद्यावर खुंट दिसला की चित्र थांबवून कर्सर बरोबर खुंटाच्या बुडाशी न्यायचा, जिथे उजेड आणि सावली मिळतात तिथे, सावलीच्या टोकाला नाही, आणि मार्क टाकायचा. मशीन तेव्हाची जीपीएस जागा, बोटीची दिशा आणि तिरपं अंतर धरून खुंटाची जागा काढतं. ह्यात तीन ठिकाणी चूक शिरते. जीपीएस स्वतःच काही फूट इकडे-तिकडे असतं. जीपीएसचा अँटेना बोटीच्या पुढच्या टोकाला आणि ट्रान्सड्यूसर मागे असेल, आणि मशीनला ते सांगितलेलं नसेल, तर 15 फुटांचा फरक तिथेच पडला. आणि हळू चालताना, वारा बाजूने ढकलत असेल तर बोटीचं तोंड एकीकडे आणि जीपीएसला वाटणारी दिशा दुसरीकडे, मग 80 फुटांवरचा खुंट भलतीकडेच मार्क होतो. उपाय साधा आहे, त्याच खुंटाच्या बाजूने दुसऱ्यांदा, आधीच्या दिशेला काटकोनात जा आणि परत मार्क टाका. दोन मार्क जवळजवळ पडले तर जागा पक्की, नाहीतर जो बोटीच्या जवळून टाकलाय त्यावर भरवसा ठेवा, कारण दिशेची चूक लांबच्या अंतराला जास्त बोचते.

त्यानंतर खुंटाच्या डोक्यावर जायचं नाही. मार्कपासून 60-70 फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या बाजूला बोट धरायची, म्हणजे वारा बोटीला खुंटावर ढकलत नेत नाही, आणि पहिली कास्ट खुंटाच्या पलीकडे टाकून ल्यूर (खोटं आमिष) त्याच्या अंगाला घासत आणायचं. फांदीला ल्यूर अडकल्याचा झटका हाताला लागला की मार्क बरोबर होता हे कळतं, त्याच क्षणी काठावरचं एखादं झाड किंवा घर हेरून ठेवा, पुढच्या वेळी पडद्याकडे बघावंही लागत नाही. हल्ली पुढे बघणारं लाइव्ह सोनार आलंय, 2018 मध्ये गार्मिनच्या लाइव्हस्कोपपासून त्याची लाट आली, त्यात मासा ल्यूरकडे वळताना प्रत्यक्ष दिसतो आणि स्पर्धांमध्ये ते कितपत चालू द्यावं ह्यावर भांडणं चालू आहेत. ते असलं तरी साइड इमेजिंग सुटत नाही, कारण लाइव्ह सोनार एका वेळी एकाच दिशेला बघतं, आधी कुठे बघायचं हे साइड इमेजिंगच सांगतं.

मार्कला नाव देताना नुसतं "खुंट 7" असं ठेवू नका, त्या दिवशीची तारीख, खुंटावरची खोली आणि तलावाची पातळी लिहून ठेवा. टेनेसी व्हॅली अथॉरिटी ह्या धरणं चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या कित्येक जलाशयांचं पाणी हिवाळ्यात उतरवलं जातं, 5 फूट पाणी उतरलं की उन्हाळ्यातला 12 फुटांवरचा ढीग 7 फुटांवर येतो, आणि ज्याचा माथा 4 फुटांवर होता तो तर पाण्याबाहेरच, म्हणजे मासे तिथून हलले असणार आणि त्याच सोंडेवरचा पुढचा, खोलातला मार्क आता बघायचा. हिवाळ्यात पाणी उतरलेलं असताना कॅमेरा घेऊन काठाकाठाने एक फेरी मारलीत तर उघडे पडलेले खुंट आणि ढीग डोळ्यांनीच दिसतात, त्यांचे फोटो मार्कला जोडून ठेवा, वसंतात पाणी परत चढलं की तेच पडद्यावर कसे दिसतात ते ताडून बघता येतं.